अर्धी राहिलेली हाक

१

वाजवता वाजवता देवराम मध्येच थांबला आणि हवेतून काहीतरी वेचू लागला.

लोकांना आधी वाटलं, हा नाचाचाच भाग असेल. पंचवटीतल्या हौदाच्या गल्लीत चैत्रातल्या पहिल्या रविवारी वसंतमेळा भरतो. सकाळी नऊपासून दोन्ही अंगांना चुली पेटतात, उपड्या खापरांवर मांडे भाजले जातात, पन्ह्याचे माठ मांडले जातात आणि हौदाजवळच्या मांडवात गोंधळी, वासुदेव, शाहीर आळीपाळीनं येऊन गाऊन जातात. यंदा पहिल्यांदाच पेठकडच्या डोंगरातून पावरी आली होती. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला कर्णा, आणि सगळं मेणानं सांधलेलं. वाजवणारा नाकानं श्वास घेत राहतो आणि तोंडानं फुंकत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. देवरामचा तर चाळीस वर्षांत कधी तुटला नव्हता.

आजचा दिवस मात्र सुरुवातीपासूनच जरा तिरपा चालला होता. मांडवात चढताना देवरामनं पुढच्या रांगेत बसलेल्या गावच्या भिकन भगताला बघितलं आणि मुलीच्या कानाशी वाकून “थांब, आधी मी” एवढंच म्हणाला. त्यानं पावरी तोंडाला लावली आणि ढोलावर बसलेल्या लखनची पहिलीच थाप चुकली. दुसरीही चुकली. पंधरा वर्षं देवरामच्या मागं ढोल वाजवणारा माणूस, झोपेतही ठेका न सोडणारा. नवखी जागा, समोर एवढी गर्दी, म्हणून झालं असेल, असं रोशनीला वाटलं.

रोशनी ही देवरामची मुलगी. वय तेवीस, नाशकातल्याच एका रोपवाटिकेत कामाला. अर्धाएक तास वाजवून देवराम दम खायला थांबला, लखनच्या आईनं, भागीबाईनं, पुढं केलेली नागलीची आंबील प्यायला आणि पुन्हा वाजवू लागला. त्यानंतर दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. रोशनीनं बापाचा चेहरा बघितला. चेहरा लालभडक, घामाचा थेंब नाही, ओठ एकमेकांना चिकटत होते.

“बा!”

देवरामनं तिच्याकडं बघितलं. ओळखलं नाही.

“मुंग्या,” तो म्हणाला. “सगळीकडं मुंग्या. पोरीच्या अंगावर चढल्या, झाडा!”

पावरी खाली ठेवून तो मांडवातून उतरला. कुणीतरी ओरडलं, “वारं आलं! देव आला अंगात!” लोक हात जोडून बाजूला सरकले, आणि गर्दीत वाट मोकळी झाली ती नेमकी मांड्यांच्या चुलीकडं जाणारी. देवराम त्या वाटेनं सरळ जाळाकडं निघाला.

चुलीपाशी मांडे करत असलेली साठीतली बाई उठली, पिठाच्या हातांनीच तिनं देवरामच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला हौदाच्या कठड्याकडं ढकललं.

“देव नाही, काही नाही! माणूस आजारी आहे! धरा त्याला!”

देवराम तिथंच कोसळला. त्याभोवती कोंडाळं झालं आणि सगळे एकदमच बोलू लागले.

“मी सांगितलं व्हतं,” भिकन भगत काठी आपटत म्हणाला. “देवाची पावरी गल्लीत आणाया नको. देव कोपला.”

“ऊन लागलंय हो, ऊन!” मेळ्याचा कारभारी शेखर घाईघाईनं म्हणाला. “रिक्षा आणा, वारा येऊ द्या.”

“नजर लागली रं माज्या भावाला,” भागीबाई ऊर बडवत होती.

लखन ढोल गळ्यात घेऊन तसाच उभा होता. “उष्टी पावरी देवाला चालत नाय,” तो स्वतःशीच म्हणाला. “चालत नाय.”

मांडेवाल्या बाई आणि शेखर देवरामला रिक्षात घालून निघाले. रोशनी मागं धावणार, तेवढ्यात भिकन भगतानं तिचं मनगट धरलं.

“पोरी, पावरीची हाक अर्धी राहिली. देवाला घातलेली हाक अर्धी सुटली, तर घालणारा वाचत नाय.”

त्याच्या बोटांचा गारवा मनगटावर तसाच राहिला. भगत वळला तशी रोशनीनं पावरी उचलली आणि ती मांडवामागच्या पडद्याआड शिरली. बाईनं पावरीला तोंड लावलेलं त्यांच्या गावात कुणी बघितलं नव्हतं. पण देवराम तीन वर्षं तिला चोरून शिकवत होता. लाउडस्पीकरवर शेखरचा माणूस काहीबाही सूचना देत होता. त्या गलक्याखाली तिनं उरलेली हाक हळू आवाजात पुरी केली. सूर तुटू दिला नाही.

नळी कडू लागली. भीतीनं तोंड कडू झालं असेल, असं तिला वाटलं. पडद्यामागच्या पेटीत पावरी ठेवून तिनं कडी लावली.

बाहेर लखन मोटारसायकल घेऊन उभा होता. “चल, दवाखान्यात सोडतो. पावरी कुठंय?”

“पेटीत.”

“तिला हात नको लावू आता,” तो म्हणाला. “काय करायचं ते भगतबाबा बघंल.”

२

“धोतरा,” डॉक्टर म्हणाले. “पोटात धोतरा गेलाय. वेळेवर आणलंत, पण आजची रात्र जाऊ दे, मग सांगतो.”

देवरामला खाटेला बांधलं होतं. तो छताकडं बघून कुणाकुणाला नावानं बोलावत होता. त्यातली निम्मी माणसं कधीच वारली होती. रोशनीची आईही त्यांत होती. “आली का गं?” असं तो लाडानं विचारायचा आणि मग उत्तर ऐकल्यासारखा हसायचा. रोशनी दारातच थबकली. आत जायची तिला हिंमत होईना.

हवालदार वाल्मीक वही घेऊन आला. पोट सुटलेला, घाईतला माणूस.

“शेवटचं काय दिलं यांना? कोणी दिलं?”

“आंबील,” शेखर म्हणाला. “भागीबाईंनी. सगळ्यांनी बघितलंय.”

“झालं तर मग. बाईला बसवून ठेवा तिथंच, मी आलो.”

“भागीमावशी असं करायची नाय,” रोशनी म्हणाली. आई गेल्यावर शेजारच्या याच बाईनं तिची वेणी घातली होती. पण बोलताना जीभ टाळूला चिकटली. भिंतीवरच्या पाटीची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. छातीतली धडधड कानात वाजत होती.

एका हातानं तिची हनुवटी वर उचलली. त्या मांडेवाल्या बाई होत्या. पदराला अजून पीठ होतं.

“उजेडाकडे बघ,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटू नकोस.”

त्यांनी एकेक डोळा निरखला. मग आवाज खाली आणला.

“मी ललिता. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. बाहुल्या एवढ्या मोठ्या कशानं होतात ते मला कुणी सांगायला नको. तूही ती आंबील प्यायलीस?”

“नाय. सकाळपासून चहाशिवाय कायबी नाय घेतलं. जेवणच जात नव्हतं.”

“म्हणजे भागीबाईंच्या हातचं तू काहीच खाल्लं नाहीस.”

“नाय.”

“मग तुझ्या पोटात धोतरा गेला कुठून?”

३

तिला शेजारच्याच खाटेवर झोपवलं, सलाइन लावलं. थोडंच गेलंय, उद्यापर्यंत उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. ललिताताईंनी स्टूल ओढलं आणि पडदा सरकवून घेतला.

“हे बघ, आंबील प्यायल्यावर दहा मिनिटांत तुझे वडील भ्रमले. धोतरा एवढ्या लवकर चढत नाही, अर्धा-पाऊण तास घेतो. म्हणजे त्यांच्या पोटात तो वाजवायला बसले तेव्हाच जायला लागला. सकाळची न्याहारी सगळ्यांनी एकाच टोपातून केली. त्यांनी असं काय तोंडाला लावलं, जे दुसऱ्या कुणी लावलं नाही? आणि नंतर फक्त तू लावलंस?”

रोशनीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. हे सांगितलं तर गावात परत पाय ठेवता येणार नव्हता. बापालाही कुणी पावरीला हात लावू दिला नसता. आणि न सांगावं, तर भागीमावशीच्या हातात बेड्या.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“वाटू दे. वाटत असतानाच सांग.”

तिनं सांगितलं. तीन वर्षांचं शिकणं, शिमग्याच्या दिवशी बापानं पहिल्यांदा देवाची पावरी हातात दिली ते, आणि आज पडद्याआड पुरी केलेली हाक. “नळी कडू लागली,” असं म्हणाली आणि ललिताताई उठल्याच.

तासाभरानं त्या वाल्मीकला घेऊन पुन्हा आल्या. पावरी चादरीत गुंडाळलेली होती. फुंकायच्या नळीत आतून, मेणाच्या कडेला, हिरवट काळं काहीतरी थापलेलं होतं. वाल्मीकनं नळी काढून पिशवीत घातली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं.

“नळीत काय अन् आंबिलीत काय! सकाळी पावरी होती कुठं? भागीबाईच्याच पालात.”

“तिथं आणली कोणी?” ललिताताईंनी विचारलं.

“लखनदादानं,” रोशनी म्हणाली. “गावापासून तोच आणतो. मग भगतबाबानं तिला कुंकू लावलं. शेखरभाऊंनी मांडवात नेऊन हार घातला.”

“म्हणजे चौघांचे हात लागले. आणि धोतरा काय, महादेवाला वाहायला रामकुंडावर टोपलीनं मिळतो.” ललिताताई नळी नसलेल्या पावरीकडं बघत बसल्या. “एक राहिलंच. ही पावरी आज वाजवणार होतं कोण?”

रोशनीनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी तिला आठवलं. मांडवात चढताना बाप कानाशी काय म्हणाला होता? थांब, आधी मी.

“मी,” ती म्हणाली. “गल्लीत पयली फुंक तुझी, असं बा म्हणला व्हता. शहरात कोण बोलणार नाय, म्हणला. पण भगतबाबाला समोर बघून कचरला, अन् आधी सोता वाजवाया बसला.”

पलीकडं देवराम पुन्हा हसला. कुणालातरी “बस” म्हणाला.

“म्हणजे त्यांच्यासाठी नव्हतंच ते,” ललिताताई म्हणाल्या. “तुझ्यासाठी होतं. तू शिकतेस हे कुणाकुणाला ठाऊक होतं?”

“बाला. अन् मला. तिसरं कोण नाय.”

“आहे ना,” ललिताताई म्हणाल्या. “तिसरं कुणीतरी आहे.”

४

चार वाजता त्या दोघी गल्लीत परतल्या. चुली विझल्या होत्या, मांडवाची कनात तेवढी उभी होती. वाल्मीकनं सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. भागीबाई हौदाच्या पायरीवर गुडघ्यात मान घालून बसली होती, शेजारी एक महिला शिपाई.

रोशनीच्या डोळ्यांपुढचा धुरकटपणा अजून गेला नव्हता. जवळचं माणूस तर अजिबात ओळखू येईना, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. ललिताताईंनी तिला आपल्या घराच्या ओट्यावर शेजारी बसवलं. “दिसत नाही ते बरंच झालं,” त्या कुजबुजल्या. “ऐकत राहा. मी सगळ्यांना एकच विचारणार आहे.”

रोशनी पदर घट्ट आवळून बसली. यातला एक आवाज तिच्या जिवावर उठलेला होता, आणि सगळे आवाज ओळखीचे होते.

पहिला आला शेखर. देवराम पडले तेव्हा तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं, असं ललिताताईंनी विचारलं.

“खरं सांगू? मेळ्याचं नाव गेलं, हे आलं,” शेखर म्हणाला. “सहा महिने या माणसाच्या मागं लागून आणलंय मी त्याला. उन्हानंच पडला असं वाटलं. अजूनही तेच असावं असं वाटतंय.”

मग काठीचा आवाज आला आणि ओट्यासमोर थांबला.

“माज्या मनात आलं, माजंच खरं झालं,” भिकन भगत म्हणाला. “गल्लीत आणली म्हणून देव कोपला. अन् बाई, मला त्याचा आनंद नाय झाला. देवराम अन् मी एकाच वर्साचे. एका नदीत पोहाया शिकलो.”

“आणखी काही? पावरीचा दुसरा काही दोष?”

“दुसरा कसला? इतकी जपतो तो. सकाळी मीच कुंकू लावलं तिला.”

भागीबाईला बोलवावं लागलं नाही. ती पायरीवरूनच ओरडली. “नजर लागली, दुसरं काय यायचं मनात! मी त्याला इख घालीन? रोशनी, तू तरी सांग की गं!”

रोशनी बोलायला पुढं झुकली. ललिताताईंनी तिचा हात दाबला. बोलू नकोस, असा तो दाब होता.

शेवटी लखन आला. ओट्याखाली उकिडवा बसला. त्याच्या शर्टाला ढोलाच्या चामड्याचा वास होता. लहानपणी याच वासाच्या खांद्यावर बसून तिनं जत्रा बघितल्या होत्या.

“मला बी वाटलं ऊनच लागलं,” तो म्हणाला. “काका सकाळपासून उन्हात व्हता ना.”

“दुसरं काही वाटलं नाही?”

“नाय. दुसरं काय वाटणार?”

रोशनी ऐकत होती. डोळ्यांसमोर डाग, आणि कानात सकाळचा गलका. ऊन लागलं म्हणाला तो शेखर. देव कोपला म्हणाला तो भगत. आणि ढोल गळ्यात घेऊन उभा असलेला माणूस काय म्हणाला होता? तो शब्द तिला आठवला.

“रोशनी,” लखनचा आवाज अगदी जवळून आला. मऊ, नेहमीचा. “तोंड सुकलंय तुजं. हे पन्हं घे, मी आणलंय.”

गार पेला तिच्या बोटांना टेकला. तिनं तो धरला. धरला नसता तर त्याला कळलं असतं. पेल्यातलं काही दिसत नव्हतं, नुसतं पिवळं हलत होतं.

“पी की,” लखन म्हणाला.

५

ललिताताईंनी तिच्या हातून पेला अलगद काढून घेतला. “डॉक्टरांनी काही द्यायला मनाई केलीय तिला,” त्या म्हणाल्या. लखन बाजूला गेला, तशी रोशनीनं त्यांचा दंड धरला.

“उष्टी,” ती कशीबशी म्हणाली. “बा पडला तवा तो म्हणला, उष्टी पावरी देवाला चालत नाय. गल्लीत आणली असं नाय म्हणला. उष्टी म्हणला.”

“उष्टी म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाची,” ललिताताई सावकाश म्हणाल्या. “आणि आत्ता तो शब्द गिळला. आणखी काय आठवतंय?”

“बानं पावरी तोंडाला लावली अन् त्याची थाप चुकली. पहिलीच थाप.”

ललिताताईंनी पेला ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, “एवढ्यावर वाल्मीक ऐकायचा नाही. तुझ्या वडिलांच्या पिशवीत जादा नळी असेल?”

“हाय.”

“बसवता येईल तुला? न बघता?”

तिनं ओट्याच्या आत अंधाऱ्या खोलीत बसून नवी नळी बसवली. डोळ्यांचं काम नव्हतंच ते. बोटांना सगळं पाठ होतं. मेण तळव्यात ऊब देऊन मऊ केलं, सांधा दाबला. बाहेर वाल्मीक भागीबाईला म्हणत होता, “उठा बाई, चौकीवर जाऊ.” आणि भागीबाई जागची हलत नव्हती.

रोशनी पावरी घेऊन बाहेर आली. दाराची चौकट चाचपडत ती उंबऱ्यावर उभी राहिली. गल्लीभर डागच डाग तिच्याकडं वळले.

“मावशीला सोडा,” ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं पुन्हा सांगितलं, “मावशीला सोडा. ही पावरी उष्टी मी केलीय. शिमग्यापासून मी ही वाजवते. आज बी मीच वाजवणार व्हते.”

भिकन भगताच्या हातातली काठी खाली पडली. शेखर “काय?” म्हणून ओरडला. भागीबाईनं “अगं बया!” म्हणून तोंडावर हात मारला. एकट्या लखनकडून काहीच आवाज आला नाही.

“सगळे दचकले,” ललिताताई म्हणाल्या. “तू नाही दचकलास, लखन.”

“मला... मला काय बोलावं सुचंना.”

“सकाळी सुचलं होतं. उष्टी पावरी देवाला चालत नाही, असं तू म्हणालास. हिनं ती उष्टी केलीय हे तुला कसं ठाऊक?”

“सगळेच म्हणत व्हते तसं!”

“मी नाय म्हणलो,” भिकन भगत म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “मी गल्लीत आणली म्हणलो. मला ठावंच नव्हतं.”

ललिताताईंनी रोशनीच्या हातून पावरी घेतली आणि लखनच्या पुढं धरली.

“पंधरा वर्षं तू ही वाहून आणतोस. देवरामनंतर तुझाच मान. आज हाक अर्धी राहिलीय, असं भगतबाबा म्हणतात. घे, पुरी कर. सगळ्यांसमोर. देव तुझ्यावर कशाला कोपेल?”

लखननं पावरी घेतली. तेवढं रोशनीला दिसलं, मोठा डाग पुढं सरकला आणि पावरीचा पिवळा भोपळा त्याला चिकटला. गल्लीत चिटपाखरूसुद्धा आवाज करत नव्हतं. त्यानं नळी वर उचलली. ती ओठांपासून वीतभर अंतरावर थांबली. खाली आली. पुन्हा वर गेली. भोपळ्यातल्या नळ्या एकमेकींवर खडखडू लागल्या.

“फुंक की रं,” भागीबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. “लखन, फुंक. तू काय केलं नाय ना? मग फुंक.”

तो आईकडं बघत राहिला. मग पावरी त्यानं हळूच जमिनीवर ठेवली, तान्ह्या पोराला ठेवावी तशी, आणि तिच्याशेजारी मटकन खाली बसला.

“ती विषाची नळी केव्हाच वाल्मीकच्या पिशवीत गेलीय,” ललिताताई म्हणाल्या. “ही नवी आहे. पण तुला ते कुठं ठाऊक होतं!”

“थोडंच लावलं व्हतं,” लखन म्हणाला. “आईशप्पथ, थोडंच. रोशनी बरळंल, पडंल. लोक म्हणतील, बाई वाजवते ते देवाला चाललं नाय. मग काका मला देईल. एवढंच मनात व्हतं. शिमग्याला शेतातल्या माचाखाली बघितलं मी हिला. हिच्या तोंडाला देवाची पावरी. गल्लीत पयली फुंक तुझी, असं काका हिला म्हणला ते बी ऐकलं. मला पंधरा वरसांत एकदाबी नाय दिली. एकदाबी!”

“आणि देवरामनं ती तोंडाला लावली तेव्हा?”

“मी घाबरलो. हात चुकला.”

“हात चुकला,” ललिताताई म्हणाल्या. “तोंड उघडलं नाहीस. अर्धा तास समोर बसून ठेका धरलास. तो माणूस जाळाकडे निघाला तरी उघडलं नाहीस. आई चौकीवर निघाली तरी नाही.”

वाल्मीकनं लखनला दंडाला धरून उठवलं. पेल्यातल्या पन्ह्यात काहीच नव्हतं, हे नंतर कळलं. ते त्यानं खरंच तिला तहान लागली असेल म्हणून आणलं होतं. रोशनीला या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटली.

भागीबाई पोराच्या मागं गेली नाही. ती रोशनीसमोर येऊन उभी राहिली, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीला भिंतीवरच्या पाटीची अक्षरं वाचता आली. थोड्या वेळानं देवरामनंही डोळे उघडले आणि तिला नावानं हाक मारली. डॉक्टरांनी पट्टे सोडले. भिकन भगत पहाटेच येऊन दाराबाहेर बसला होता. आत आला नाही, पण गेलाही नाही.

“काय झालतं मला?” देवरामनं विचारलं. आवाज घोगरा होता.

तिनं सांगितलं. नळीत धोतरा होता, हे सांगितलं. हाक तिनं पुरी केली, हेही सांगितलं. कोणी लावला, तिथं मात्र ती थांबली.

देवराम ऐकत होता. एकदम तो कोपरावर उठायला बघू लागला.

“लखन?” तो म्हणाला. “लखन बरा हाय ना? पावरी तोच वाहतो. त्याच्या हाताला लागलं असंल. तोंडात बोट घातलं असंल पोरानं. त्याला दाखवलं का डागदराला?”

रोशनीनं काल जाळ बघितला होता, बाप ओळखेनासा झालेला बघितला होता, सगळ्या गल्लीसमोर उभी राहिली होती. पण हा प्रश्न ऐकून तिला जसं भ्यायला झालं, तसं कालच्या दिवसात झालं नव्हतं. तिनं बापाचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. काही मऊ केलं नाही, काही वाढवलं नाही.

देवराम परत आडवा झाला. त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. बाहेर कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता.

“पंधरा वरसं तो मागं चालला,” तो म्हणाला. “मी एकदाबी मागं वळून नाय इचारलं, तुला वाजवायची का म्हणून. मला वाटायचं, त्याला ढोलच आवडतो.”

“बा, त्यानं मला मारलं असतं. तुला मारलं असतं.”

“व्हय,” देवराम म्हणाला. “ते बी खरं.” त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरलं. “भागी कुठंय?”

“तालुक्याच्या गाडीला जाऊन बसलीय. मला तोंड दाखवता येत नाय, म्हणाली.”

“गाडी किती वाजता सुटती?”

“साडेदहाला.”

देवरामनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दहाला दहा मिनिटं कमी होती.

“जा,” तो म्हणाला. “तिला उतरवून आण.”

रोशनी उठली. दारात भिकन भगत पाय पसरून बसला होता. तिला बघून त्यानं पाय आवरले आणि वाट दिली. ती जिना उतरली, रस्त्यावर आली आणि स्टँडच्या दिशेनं पळत सुटली.